बोलायला वर्गात जागा

प्रगतिपुस्तकावर ‘स्वभाव शांत’ असा शेरा आला की आईबापांना बरं वाटतं. पन्नास मुलांच्या वर्गात बाईंनाही असं मूल सोयीचंच. पण त्या एका शेऱ्याखाली अगदी वेगवेगळी मुलं सापडतात. एकाला बाईंचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येतं. दुसऱ्याला ऐकू नीट येतं, पण ‘वही काढा, तिसऱ्या पानावरची आकृती बघा आणि खाली तारीख टाका’ एवढ्या लांब सूचनेतलं ‘वही काढा’ तेवढंच हाती लागतं. पुढचं तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावून करतो. तिसरीला सगळं कळतं, उत्तरही येतं, पण पहिल्याच अक्षरावर बोलणं अडणार हे तिला ठाऊक असतं, म्हणून ती हात वर करत नाही. तिघांनाही मदत हवी आहे, प्रत्येकाची मदत वेगळी आहे, आणि ती कुणी करायची हे आपल्या शाळांत ठरलेलं नाही.

ही पुस्तिका त्या तिघांसाठी आहे, वाचायची मात्र त्यांच्या शिक्षकांनी. ‘स्पीच थेरपी’ हा शब्द आता नागपुरात कुणाला नवा राहिलेला नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर तो दिसतो, बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर असतो, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांच्या बोलण्यात येतो. शाळेच्या वेळापत्रकात मात्र तो नाही. मूल ज्या ठिकाणी दिवसाचे पाच-सहा तास बोलतं, ऐकतं, चूक ठरतं आणि चिडवलं जातं, त्या जागेला वगळून त्याच्या बोलण्यावर उपचार करायचे, अशी आपली रीत आहे. ही रीत बदलावी, एवढंच मला या प्रस्तावनेत म्हणायचं आहे.

सुरुवात सीताबर्डीपासून करतो, कारण नागपूरकराला कुठेही जायचं तर आधी बर्डी लागते. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका इथेच एकमेकींना भेटतात. हिंगण्याकडून, कामठीकडून, खापरीकडून येणारी आई मुलाचं बोट धरून बर्डीला उतरते आणि तिथून धंतोलीतल्या दवाखान्यात जाते. केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे मुंबईच्या अली यावर जंग संस्थेच्या अखत्यारीतलं दिव्यांगांसाठीचं केंद्र, सुरू झालं तेही बर्डीला लागून असलेल्या यशवंत स्टेडियमच्या इमारतीत. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालयं फार लांब नाहीत. म्हणजे उपचार आहेत ते याच दोन-चार किलोमीटरच्या वर्तुळात. आईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते, आणि पदरात पडतो तो आठवड्यातला अर्धा-पाऊण तास. पावसाळ्यात एक खेप चुकली, परीक्षेत दुसरी चुकली, की येणंच थांबतं. थेरपिस्ट म्हणतात ‘पालक सातत्य ठेवत नाहीत’. पालकांचं सातत्य बसच्या आणि कामाच्या वेळांवर अवलंबून असतं, हे पुन्हा सांगायला नको.

याच सीताबर्डीत कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघाची सुरुवात केली. लहानसं प्रसूतिगृह, आणि त्या काळी प्रश्न होता बाळ-बाळंतीण जगण्याचा. पुढे याच संस्थेने ‘नंदनवन’ ही मतिमंद मुलांची शाळाही चालवली. प्रसूतीपासून सुरू झालेलं काम शाळेपर्यंत पोचावं, यातला क्रम मला फार बोलका वाटतो. आज जगभर मानला जाणारा दंडक असा आहे की बाळाच्या श्रवणाची पहिली चाळणी महिन्याच्या आत व्हावी, दोष असेल तर निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावा. चाळणीच्या यंत्राला काही मिनिटं लागतात, बाळ झोपलेलं असलं तरी चालतं. ही तपासणी झाली नाही तर पुढे काय होतं? मूल दीड वर्षाचं होतं, दोनचं होतं, बोलत नाही. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असं आजी सांगते. कुणी वेखंड उगाळून चाटवतं, कुणी जिभेखालचा पडदा कापून आणायला सांगतं. तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत लक्षात येतं की हाक मारली तरी ते वळत नाही. भाषा शिकायची सर्वांत सुपीक वर्षं तोवर निघून गेलेली असतात. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. पण यंत्र बसवलं की मूल बोलू लागतं हा गैरसमज त्याच्याबरोबर घरोघर पोचला. यंत्राने आवाज मिळतो. त्या आवाजाचा अर्थ लावायला पुढची दोन-तीन वर्षं रोजचा सराव लागतो, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाचा सराव शाळेतच व्हायला हवा.

ऐकण्याचा विषय निघाला आहे तर बर्डीच्या आवाजाबद्दलही बोलावं लागेल. शिकवणं चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. व्हेरायटी चौकाच्या आसपास खिडकी उघडी ठेवून शिकवलेल्या कुणालाही हा आकडा वाचून हसू येईल. हॉर्न, फेरीवाले, वरून जाणारी मेट्रो, आणि वर्गात लोखंडी पंखा. निरोगी कानाचं मूल यातूनही बाईंचा आवाज वेचून घेतं. ज्याचा कान दर पावसाळ्यात वाहतो, त्याला ते जमत नाही. कान वाहतो तेव्हा ऐकणं कमी होतं, सुकल्यावर पुन्हा वाढतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं की पोट्ट्याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं. बालपणीच्या श्रवणदोषांपैकी जवळजवळ ६० टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात हा वाहणारा कान आलाच. म्हणून पुस्तिकेतला पहिला सल्ला बोलण्याविषयी नाही. मूल बोलत नसेल, बोबडं बोलत असेल, अभ्यासात मागे असेल, तर आधी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणाची तपासणी, करून घ्या, मग पुढचं. हा क्रम कुणीही उलटवू नये.

बोबडेपणाचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत मोठं आहे आणि ते तसं असायलाच हवं, कारण नागपुरात या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे. इथलं मूल घरून जी मराठी आणतं ती पाठ्यपुस्तकातली नसते. वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. उमरेडकडून आलेली मुलगी ‘माह्या डोयाले लागलं’ म्हणाली तर तिच्या जिभेत काहीही दोष नाही; ती आपली बोली बिनचूक बोलते आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘तो जेवून राहिला’ ही रूपं व्याकरणाची चूक म्हणून लाल शाईत गेली, तर ते शिक्षकाचं प्रमाणभाषेवरचं प्रेम म्हणून एक वेळ समजून घेता येईल. पण तीच रूपं भाषाविकासाच्या चाचणीत चूक म्हणून मोजली गेली, तर धडधाकट मुलीला ‘भाषेत मागे’ असा दाखला मिळतो. प्रमाण मराठी डोळ्यांपुढे ठेवून बसवलेली कोणतीही चाचणी विदर्भात वापरताना हा धोका आहे.

उलट बाजूचा धोका तितकाच खरा. ‘आमच्याकडे असंच बोलतात’ म्हणून खरा दोषही दुर्लक्षिला जातो. सहा वर्षांचा मुलगा ‘कुत्रा’ला ‘तुत्रा’ आणि ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, तर ती कुठल्याही बोलीची लकब नाही. जिभेचा मागचा भाग टाळूला लागायच्या ऐवजी पुढचा लागतो आहे, आणि त्यावर इलाज आहे. फरक ओळखायची पुस्तिकेतली युक्ती साधी आहे: मुलाची आजी तो शब्द कसा म्हणते ते ऐका. आजी ‘डोया’ म्हणत असेल तर नातवाचं ‘डोया’ ठीक. आजी ‘कुत्रा’ म्हणते आणि नातू ‘तुत्रा’, तर त्याला पाठवा. ‘र’ मराठी मुलांना उशिरा येतो, त्यामुळे चौथ्या वर्षीच्या ‘लस्ता’ची चिंता नको, आठव्या वर्षी तो तसाच असेल तर मात्र थांबू नका. आणि टाळू फाटलेली असताना शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा आवाज नाकातून येत असेल, तर ‘ऑपरेशन झालं, आता होईल हळूहळू’ असं म्हणून सोडू नका. शस्त्रक्रियेने टाळू सांधली जाते. चुकीची बसलेली सवय थेरपीनेच सुटते.

जाता जाता एक गंमत. उच्चाराच्या सरावासाठी या पुस्तिकेत चित्रकार्डं दिली आहेत, त्यांत फळ म्हणून आधी सफरचंद होतं. मी संपादकांकडे संत्र्याचा हट्ट धरला. तो मान्य झाला, पण त्या कार्डाखाली ‘अवघड’ असं लिहून आलं. खरंच आहे: अनुस्वार, मग ‘त्र’. नागपूरच्या बोबड्या पोराला गावचं फळ म्हणता येत नाही आणि बसचा कंडक्टर ओरडतो ती ‘बर्डी’ही, कारण तिच्यात ‘र्ड’ आहे.

भाषांच्या गर्दीबद्दलही लिहायला हवं. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी हे इथलं सर्वसाधारण चित्र. जरीपटक्यात सिंधी, मोमिनपुऱ्यात उर्दू, आणखी कुठे छत्तीसगढी, तेलुगू. अशा घरातलं मूल उशिरा बोलू लागलं की पहिला सल्ला मिळतो, ‘घरी एकच भाषा ठेवा’, आणि ती एक भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते. माय बिचारी येत नसलेल्या इंग्रजीत ‘ईट’, ‘कम’, ‘सिट’ असं एकेका शब्दात लेकराशी बोलू लागते, आणि ज्या भाषेत ती त्याला गोष्ट सांगू शकली असती ती बंद होते. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा विकार होतो, याला संशोधनाचा आधार नाही. विकार खरा असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. फक्त इंग्रजीत दिसत असेल तर तो शिकवण्याचा प्रश्न आहे, थेरपीचा नाही. म्हणून तपासणी घरच्या भाषेत व्हावी, हा आग्रह पुस्तिकेने धरला आहे. मी तर म्हणेन, घरच्या भाषेत न झालेली तपासणी मानूच नये.

तोतरेपणाविषयी शिक्षकांना एक गोष्ट नक्की माहीत असते आणि तिचा अर्थ ते नेमका उलटा लावतात. प्रार्थनेत, पाढ्यांत, समूहगीतात हे मूल कुठेही अडखळत नाही. एकट्याने उभं राहून धडा वाचायला सांगितला की पहिल्या शब्दावर थांबतं. यावरून निष्कर्ष निघतो की पोट्टा ढोंग करतो. प्रत्यक्षात, इतरांबरोबर एका लयीत बोलताना किंवा गाताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, ही तोतरेपणाची खूणच आहे. अडखळण्याचा टप्पा साधारण शंभरातल्या पाच मुलांना येतो, बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो, आणि शंभरात एकाजवळ तो मोठेपणीही राहतो. कुणाचा राहील हे आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून शाळेत दाखल झाल्यावरही अडखळणं चालू असेल तर तज्ज्ञाला दाखवणं शहाणपणाचं. वर्गात करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘घाबरू नको’ हे तिन्ही उपदेश बंद करावेत. शब्द त्याच्या तोंडून काढून स्वतः पुरा करू नये. प्रकट वाचनाला जोडीने उभं करावं. आणि हजेरी! दिवसाची पहिली परीक्षा ती. ‘उपस्थित’ म्हणा की ‘येस मॅडम’, ठरलेला शब्द ठरलेल्या क्षणी साऱ्या वर्गादेखत म्हणायचा, याहून कठीण काम तोतऱ्या मुलाला दुसरं नसतं. हात वर केला तरी हजेरी लागते, एवढा बदल पुरे.

आकृतीचं आणि तारखेचं विसरणारा सुरुवातीचा तो दुसरा मुलगा सर्वांत दुर्लक्षित आहे. त्याचे कान ठीक, बुद्धी ठीक, उच्चार ठीक. त्याला भाषाच उशिरा आणि अपुरी येते: वाक्यं तोकडी, नवे शब्द टिकत नाहीत, गोष्ट सांगताना कोण, कुठे, मग काय यांची सांगड बसत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहण्यांत शाळेत येणाऱ्या मुलांपैकी सुमारे सात टक्के मुलं अशी आढळली. चाळीसच्या वर्गात हे प्रमाण धरलं तर दोन-तीन. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी या अडचणीला ‘विकासात्मक भाषा विकार’ हे एक नाव ठरवलं. आपल्याकडे त्याला ‘ढ’ म्हणतात. चौथी-पाचवीपर्यंत हे मूल पाठांतरावर तरतं, पुढे शाब्दिक गणितं आणि इतिहासाची दीर्घोत्तरं आली की बुडतं.

आता कायदा काय म्हणतो? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, आणि त्यांत ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ प्रथमच आलं. हे वाचून आनंद होतो, पण व्याख्या वाचली की तो ओसरतो. तिथे उदाहरणं दिली आहेत ती स्वरयंत्र काढून टाकण्याची आणि मेंदूच्या आघाताने वाचा जाण्याची, आणि अट आहे कायमस्वरूपी दिव्यांगत्वाची. म्हणजे समोर आहे तो घशाच्या कर्करोगाचा रुग्ण किंवा पक्षाघात झालेले आजोबा. दुसरीतला अडखळणारा मुलगा त्या व्याख्येत जवळपास बसतच नाही. आरोग्य खात्याला मात्र तो दिसतो: २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत भाषाविकासातला विलंब आहे, आणि त्याची पथकं अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत जातातही. पथक चिठ्ठी देतं, चिठ्ठी जिल्हा केंद्राकडे बोट दाखवते, आणि मूल पुन्हा बर्डीच्या बसमध्ये.

शिक्षण खात्याचा हिशेब निराळा. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवायची केंद्राची योजना १९७४ पासूनची. तिच्यातून फिरते विशेष शिक्षक आले, आणि आता समग्र शिक्षा अभियानात ते गट साधन केंद्रांवर व शहर साधन केंद्रांवर काम करतात. दहा विशेष मुलांमागे प्राथमिक स्तरावर एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. ते विशेष शिक्षकाबद्दल होतं. वाचा-उपचारतज्ज्ञ हा वेगळा व्यवसाय आहे, त्याची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, त्याचं शिक्षण वेगळं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ ची. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली रुग्णालयांत जातात, स्वतःचे दवाखाने काढतात, परदेशी जातात. परदेशी गेलेल्यांपैकी कित्येक जण तिथे शाळांतच नोकरी करतात, हे मला जरा बोचतं. शिकागोच्या सरकारी शाळांनी वाणी सुधारणारे शिक्षक नेमले ते १९१० मध्ये. १९७५ च्या कायद्याने अमेरिकेत ही सेवा शाळेची जबाबदारीच झाली.

आपण त्यांच्यासारखं प्रत्येक शाळेत एक तज्ज्ञ नेमू, अशी अपेक्षा मी धरत नाही, आणि मुलाला वर्गातून उचलून वेगळ्या खोलीत नेणारी त्यांची जुनी पद्धत जशीच्या तशी आणावी असंही मला वाटत नाही. खोलीत शुद्ध आलेला ‘क’ वर्गात परतल्यावर पुन्हा ‘त’ होतो, हे तिथल्यांनाच उमगलं आहे. तज्ज्ञाने आठवड्यातून एकदा शाळेत यावं, मुलाला वर्गात बघावं, बाईंशी बसून ठरवावं आणि पुढच्या आठवड्याचं काम बाईंच्या हाती द्यावं. काम लहान असतं. १९७० च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. ते तीन सेकंद या पुस्तिकेत वारंवार येतील. वाचून सोपे वाटतात, घड्याळ लावून पाहा.

पुस्तिकेवर माझी एक तक्रार आहे. शेवटच्या प्रकरणात शिक्षकांनी घ्यायचे उच्चाराचे व्यायाम दिले आहेत, ते मला जास्त वाटतात. फुंकर मारणं, जीभ वरखाली करणं, फुगे फुगवणं यांनी उच्चार सुधारतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि शिक्षकाला त्यातच थेरपी केल्याचं समाधान मिळण्याची भीती आहे. वाचकांनी ती पानं तज्ज्ञाच्या सांगण्याशिवाय वापरू नयेत. ओळखणं, पाठवणं, वर्ग सोपा करणं ही तीन कामं शिक्षकाची. उपचार तज्ज्ञाचा.

तेव्हा मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एक विनंती. दिवाळीनंतर प्रत्येक वर्गशिक्षकाने हजेरीपट काढून, या सत्रात एकदाही एकट्याने तीन वाक्यं न बोललेल्या मुलांची नावं वेगळी लिहावीत. त्या यादीतल्या प्रत्येकाची श्रवण तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ती होते. आणि ती यादी आपल्या शहर साधन केंद्राकडे किंवा गट साधन केंद्राकडे लेखी द्यावी, सोबत वाचा-उपचारतज्ज्ञाच्या कायम पदाची मागणी जोडून. मागणी कागदावर आल्याशिवाय पद मंजूर होत नाही, आणि पद मंजूर होईपर्यंतही ही पुस्तिका त्या तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही.